आधी दगड, मग चाकू

घडीचा चाकू घ्यायचा असेल तर आधी धार लावायचा दगड घ्या. चाकूबद्दल विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो आणि बहुतेकांचा विरस होतो. कारण ते येतात तेव्हा फोनवर सात-आठ चाकूंची यादी तयार असते. प्रत्येकापुढे पोलादाचं नाव, कठीणपणाचा आकडा आणि किंमत. पावसाळ्यात भाच्याचा एक मित्र असाच आला. गडकोट हिंडणारा, उत्साही मुलगा.

"काका, एस-थर्टी-व्ही घेऊ की डी-टू?"

"घरी दगड कुठला आहे?"

"दगड नाहीये. धार गेली की दारावर धारवाला येतो ना, त्याच्याकडून लावून घेईन."

या उत्तरात त्याची निम्मी निवड होऊन गेली होती. सायकलच्या पायडलवर दगड फिरवणारा धारवाला विळी, कात्री, कोयता झकास लावून देतो. त्या वस्तू जाड, त्यांचं काम रांगडं. घडीच्या चाकूचं पातं मात्र धारेपाशी अगदी पातळ असतं. कोरड्या फिरत्या दगडावर ठिणग्या उडायला लागल्या की ती बारीक कड क्षणात तापते. साधं कार्बन पोलाद पाणी दिल्यावर साधारण 200 अंशांच्या आसपास पुन्हा तापवून चिवट केलेलं असतं. कडेवर निळी झाक दिसली की ती 300 अंशांच्या घरात पोचली, तिचं पाणी उतरलं. मग दोन दिवसांत धार गेली म्हणून माणूस पोलादाला नावं ठेवतो. हजारो रुपयांचा चाकू घेऊन तो असा वाया घालवलेला मी पाहिला आहे, म्हणून माझा आग्रह दगडाचा.

पूर्ण मापाचा घडीचा चाकू म्हणजे काय, तेही सांगायला हवं. पातं साडेसात ते साडेनऊ सेंटीमीटर, मिटल्यावर लांबी दहा-बारा सेंटीमीटर, आणि उघडल्यावर चारही बोटं मुठीवर नीट बसतात, करंगळी बाहेर लोंबत नाही. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा छोटा चाकू पार्सलची टेप कापायला पुरतो. पण राजगडावर दहा जणांच्या पिठल्याचा कांदा चिरायचा असेल, सुतळीचे वेढे तोडायचे असतील, किंवा मोठ्या हापूसची फोड एका ओढीत उतरवायची असेल, तर छोटं पातं आंब्याच्या पलीकडेच जात नाही. मग माणूस दोन्हीकडून टोचत बसतो आणि अर्धा रस हातावर येतो.

आता पोलाद. एस-थर्टी-व्ही हे अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीचं पोलाद 2001 च्या सुमारास आलं. चाकू करणाऱ्या क्रिस रीव्ह यांचा त्याच्या घडणीत सल्ला होता. त्यात सुमारे 4 टक्के व्हॅनेडियम असतं. व्हॅनेडियम कार्बनशी जुळून जे बारीक कण बनवतं ते अतिशय कठीण असतात आणि त्यांच्यामुळे धार फार दिवस टिकते. पुठ्ठ्याची खोकी दिवसभर कापणाऱ्याला हे वरदानच आहे. गोम अशी की आपल्या बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या दगडाच्या कणांपेक्षाही व्हॅनेडियमचे हे कण कठीण असतात. दगड आजूबाजूचं पोलाद झिजवतो आणि ते कण तसेच उभे राहतात. एस-थर्टी-व्हीला साध्या दगडावर वेळ आणि चिकाटी लागते. सुमारे 9 टक्के व्हॅनेडियम असलेल्या एस-नाइन्टी-व्हीपुढे साधा दगड हातच टेकतो. तिथे हिऱ्याची पूड बसवलेली पट्टीच लागते. तेव्हा असं पोलाद घेणाऱ्यानं पट्टीची किंमत चाकूत धरावी. ती तयारी असेल तर खुशाल घ्यावं, पोलाद उत्तम आहे.

डी-टूची गोष्ट वेगळी. हे मुळात कारखान्यातल्या डाय-ठशांचं पोलाद. त्यात 12 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, म्हणून ते गंजणार नाही असं वाटतं. पण कार्बनही दीड टक्का, आणि क्रोमियमचा बराच भाग कार्बनशी बांधला जातो. गंज अडवायला मोकळं क्रोमियम थोडं उरतं. पुण्या-नगरच्या हवेत ते चालून जातं, मालवणच्या खाऱ्या हवेत आषाढात त्यावर ठिपके पडतात.

याउलट स्वीडनमधल्या सँडव्हिकेनचं बारा-सी-सत्तावीस घ्या. तिथली कंपनी 2022 पासून अलायमा या नावानं ओळखली जाते. दाढीच्या पात्यांचं पोलाद बनवण्याचा तिचा अनुभव मोठा आहे. यात कार्बन सुमारे 0.6 टक्के, क्रोमियम साडेतेरा टक्के. कार्बन बेताचा असल्यामुळे बरंचसं क्रोमियम गंजाशी लढायला मोकळं राहतं, आणि कण इतके बारीक की धार पटकन आणि रेशमासारखी लागते. टिकते ती एस-थर्टी-व्हीपेक्षा कमी. पण ती परत आणायला चार-पाच मिनिटं लागतात, आणि ती चार-पाच मिनिटं माणूस खरंच देतो. अर्धा तास लागणार असेल तर तो "रविवारी बघू" म्हणतो आणि चाकू वर्षभर बोथट राहतो. रोजच्या वापरात धार किती टिकते यापेक्षा ती किती सहज परत येते हे मला जास्त मोलाचं वाटतं, आणि चाकू निवडताना मी सगळ्यांत आधी तेच बघतो.

धार लावणं शिकायला एक संध्याकाळ पुरते. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर एका बाजूनं खरखरीत आणि दुसऱ्या बाजूनं बारीक असा दुहेरी दगड मिळतो. तो ओल्या फडक्यावर ठेवायचा, म्हणजे सरकत नाही. दगडावर पाणी शिंपडायचं. पातं आडवं टेकवून पाठ थोडी उचलायची. दर बाजूला 15 ते 20 अंश, म्हणजे नऊ सेंटीमीटरच्या साधारण पात्याची पाठ दगडापासून पाऊण करंगळी वर. मग दगडाचा पापुद्रा सोलून काढतोय अशा बेतानं टाचेपासून टोकापर्यंत ओढ द्यायची. जोर लावायचा नाही, कोन बदलू द्यायचा नाही. टोकाजवळ पातं वळतं तिथे मूठ किंचित वर उचलायची. नवशिक्याची धार तिथेच मार खाते.

एका बाजूनं बराच वेळ घासल्यावर पलीकडच्या अंगाला अंगठ्याचं पेर पाठीकडून धारेकडे, धारेला आडवं, हलकेच न्यावं. आधी तिथे गुळगुळीत लागत होतं; आता किंचित अडखळल्यासारखं लागतं. धातूची अगदी पातळ कोर पलीकडे वळलेली असते. ती टाचेपासून टोकापर्यंत सलग लागली म्हणजे त्या बाजूचं काम झालं, दगड खरोखर कडेपर्यंत पोचला. मग बाजू पालटायची, तेवढंच घासायचं, मग बारीक अंगावर दोन्ही बाजू, हात अधिकाधिक हलका करत. शेवटी जुन्या कमरपट्ट्याच्या चामड्यावर पाठ पुढे ठेवून उलट्या ओढी. न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचा तो याचसाठी: उरलीसुरली कोर झडून जाते. धार आली का हे बघायला वर्तमानपत्राचा कागद धरावा. पातं सरसर उतरलं तर झालं. एखाद्या जागी कागद फाटला तर तिथे कोर राहिली आहे, किंवा टवका उडाला आहे. टोमॅटो तर खोटं बोलतच नाही: सालीवर पातं दाब न देता शिरलं पाहिजे.

हे एकदा हाताला बसलं की चाकूच्या दुकानात नजर बदलते. पोलादाचं नाव मागे पडतं आणि पात्याची जाडी दिसायला लागते.

जाडी हा विषय विकणारे टाळतात. लढाऊ थाटाचे चाकू पाठीशी साडेतीन-चार मिलिमीटर जाड असतात, हातात घेतले की भारदस्त वाटतात. त्यानं गाजर कापून बघा. पातं अर्ध्यावर जातं आणि गाजर कट्‌ करून दुभंगतं. ते कापलं गेलेलं नसतं, पाचर ठोकून फोडलेलं असतं. धार कितीही तिखट असो, तिच्या मागचं पोलाद जाड असेल तर वस्तूतून वाट मिळत नाही. पाठ दोन मिलिमीटरच्या आत किंवा जेमतेम अडीच, आणि धारेच्या अगदी मागे पातं कागदासारखं निमुळतं, असा चाकू रोजच्या कामात सुख देतो. त्यानं डबे उचकटायचे नाहीत, खिळे उपटायचे नाहीत, एवढं पथ्य पाळायचं. कोकणातल्या रोपवाटिकेत कलमं बांधणाऱ्यांचा चाकू बघावा. पात्याची एक बाजू सपाट, धार दुसऱ्याच बाजूनं काढलेली, म्हणजे काडीचा काप आरशासारखा सपाट येतो आणि दोन्ही काप एकमेकांना चिकटून बसतात. काप वेडावाकडा आला तर कलम जगत नाही. ही माणसं पुन्हा पुन्हा चीक पुसतात आणि दगडावर हात मारून घेतात. चाकू कसा असावा याची जाण त्यांच्या बोटांत असते.

पातळ पात्याच्या घडीच्या चाकूंत मी ज्याचं नाव आधी घेतो तो ओपिनेल. फ्रान्सच्या आल्प्समध्ये सावोआ प्रांत आहे. तिथे कुऱ्हाडी, कोयते घडवणाऱ्या लोहाराच्या घरात 1872 साली जोसेफ ओपिनेल जन्मला आणि 1890 मध्ये, अठराव्या वर्षी, त्यानं मित्रांसाठी खिशातला चाकू केला. लाकडाची गोल मूठ, तिला एक खाच, त्यात पातं, एक खिळा. 1897 मध्ये त्यानं एक ते बारा अशी मापं ठरवली. त्यातली एक आणि अकरा ही मापं पुढे बंद झाली. सर्वांत जास्त खपतो तो आठ क्रमांक: पातं साडेआठ सेंटीमीटर, मूठ अकरा. पात्यावरचा मुकुट घातलेला हात 1909 चा. हात सेंट-जाँ-द-मोरियेन गावाच्या चिन्हातला, मुकुट सावोआच्या जुन्या राजघराण्याचा. 1955 मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या तोंडाशी फिरणारं पोलादी कडं बसवलं. ते फिरवलं की पातं बोटांवर मिटत नाही. 2000 पासून तेच कडं मिटलेलं पातंही अडवून ठेवतं, म्हणजे पिशवीत चाकू आपोआप उघडत नाही. एवढ्या साध्या वस्तूत आणखी काय सुधारायचं, मला सुचत नाही.

आपल्याकडे याची एक अडचण आहे ती पावसाळा. मूठ बीच लाकडाची. ओल पिऊन ती फुगते आणि पातं खाचेत आवळून बसतं. जून-जुलैत नख लावून ओढलं तरी हलत नाही. सावोआच्या लोकांची यावर युक्ती आहे: मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, पातं थोडं वर सरकतं, मग ते बोटांनी धरून काढायचं. पाऊस लागण्याआधी लाकडात तेल मुरवलं तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. दुसरी गोष्ट पोलादाची. हा चाकू साध्या कार्बन पोलादातही मिळतो आणि न गंजणाऱ्यातही. कार्बनला धार भराभर लागते, म्हणून पुष्कळांचं त्यावर प्रेम. पण त्यानं कैरी चिरून बघा: पातं निळं-काळं पडतं, फोडीच्या कडा काळवंडतात, आणि लोणच्याच्या फोडीला लोखंडाचा वास येतो. पुढे पात्यावर करडा थर चढला की हे कमी होतं आणि तो थर थोडाफार बचावही करतो. माझं सांगणं सरळ आहे. घाटावर राहणाऱ्यानं, चाकू पुसून ठेवायची सवय असेल तर, कार्बन घ्यावा. कोकणात, गोव्यात, मुंबईत न गंजणारा घ्यावा आणि मन शांत ठेवावं.

पातं उघडं ठेवणाऱ्या खटक्यांबद्दल लोक फार बोलतात. साधी गोष्ट अशी की खटका ही शेवटची राखण आहे, तिच्या भरवशावर पात्याच्या पाठीवर जोर द्यायचा नसतो. स्वित्झर्लंडमधल्या ईबाखच्या कार्ल एल्झेनर यांनी 1891 मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि 1897 मध्ये अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला. त्या घराण्याच्या, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सच्या, नेहमीच्या खिशातल्या चाकूंना आजही नुसती कमान असते. पातं कमानीच्या ताणानं उभं राहतं, जोर दिला की मिटतं. लोक पिढ्यान् पिढ्या ते वापरत आले, कारण त्यांनी कापण्याची दिशा सांभाळली. ज्याला अडकणारं पातं हवं त्याच्यासाठी त्यांचे 111 मिलिमीटरचे मोठे चाकू आहेत. त्यातल्या काहींत करवत असते, आणि डोंगरात ती उपयोगी पडते.

मजबूत खटका म्हणून नाव घ्यावं ते बक 110 चं. 1964 मध्ये अल बक यांनी सॅन दिएगोत तो काढला: मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी, पितळी टोकं, मधे काळसर लाकूड. चाकू देखणा आणि भरवशाचा, पण वजन 200 ग्रॅमच्या आसपास. खिसा ओढला जातो. म्हणून तो कमरेच्या म्यानात राहतो. मायकेल वॉकर यांनी 1980 च्या दशकात रुळवलेला, आतली पट्टी बाजूला सरकून पात्यामागे बसणारा खटका आज सर्वत्र दिसतो. तो बहुधा उजव्या हातासाठी केलेला असतो. डावखुऱ्यानं दुकानातच मिटून बघावं. खटका तपासायचा तो असा: पातं उघडून, बोटं धारेच्या वाटेतून दूर ठेवून, पाठीवर तळव्यानं हळू दाब द्यायचा आणि पातं वर-खाली, डावी-उजवीकडे हलतं का बघायचं. हललं तर परत करायचं.

एका हातानं उघडणारा चाकू ही चैन आहे असं मला पूर्वी वाटायचं. बागेत एका हातानं फांदी धरलेली असते, दोरावर लटकलेल्या गिर्यारोहकाचा एक हात मोकळा नसतो. त्यांना ती गरजच आहे. 1981 मध्ये कोलोरॅडोतल्या गोल्डन गावी सॅल ग्लेसर यांच्या स्पायडरको कंपनीनं पात्याला गोल भोक पाडलं, अंगठा त्यात घालून पातं उघडायचं, आणि मुठीला खिशात अडकवायची पट्टी लावली. आजचे बहुतेक खिशातले चाकू या दोन कल्पनांवर चालतात. मला या कंपनीची आवडणारी गोष्ट अशी की चाकू विकण्याआधी ती धार लावायच्या सामग्रीत होती: त्रिकोणी दांड्या ठरावीक कोनात उभ्या करून धार लावायचं तिचं साधन चाकूच्या आधीचं, आणि ते आजही मिळतं. 1990 मध्ये आलेला तिचा डेलिका हलका आहे, पातळ आहे. ज्याचा एक हात कामात अडकलेला असतो त्याला मी तोच सुचवतो.

खिशाला पट्टीनं चाकू लावून लोकलमध्ये चढायला मात्र माझा विरोध आहे. आपल्याकडे घडीच्या चाकूची आठवण रामपुरीशी जोडलेली आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी लांब पात्याचा, कमानीच्या खटक्याचा हा चाकू घडवला. हिंदी चित्रपटांनी तो गुंडांच्या हाती दिला. "वक्त" पाहिलेल्या पिढीला चाकू उघडतानाचा तो आवाज अजून ऐकू येतो. राज्य सरकारनं साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी घातली, धंदा आटत गेला, आणि 2023 मध्ये त्याच शहरातल्या चौकात वीस फुटी चाकू उभारला गेला. कारागिरी चांगली होती, नाव बदनाम झालं. या बदनामीमुळे डब्यात फळ कापायला चाकू उघडला तरी शेजारची बाई दचकते. तिचं दचकणं योग्य आहे. चाकू पिशवीत ठेवावा, काढायचा तर सावकाश, दोन्ही हातांनी काढावा.

कायदाही समजून घ्यावा. शस्त्र अधिनियम 1959 आणि 2016 चे नियम यांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत मोजले जातात. घरगुती, शेतीची, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपला साडेआठ सेंटीमीटरचा चाकू त्या मापाच्या फारच खाली येतो. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी चाकू, काठ्या, भाले बाळगायलाच मनाई करू शकतात. सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश निघतात. त्या दिवसांत चाकू घरी. मेट्रोत, न्यायालयात, सभांना न्यायचा नाही. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानाच्या बॅगेत टाकावा. विसरला तर सुरक्षा तपासणीत सोडून द्यावा लागतो.

परदेशी असलेल्या मुलाबाळांना भेट द्यायचा असेल तर आणखी जपावं. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय खिशात ठेवता येतो तो फक्त 3 इंचांच्या आतला, न अडकणारा घडीचा चाकू. आठ क्रमांकाचा ओपिनेल लांबीत आणि कड्यामुळे, दोन्हीकडून तिथे अडचणीचा. जर्मनीत एका हातानं उघडून अडकणारा चाकू विनाकारण बाळगता येत नाही. तिथे कमानीचा साधा चाकू पाठवावा.

मूठ हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नये. घामट हातात गुळगुळीत धातू सटकतो. लाकूड, खरखरीत नायलॉन किंवा राळेत भिजवलेल्या कापडाची मूठ धरून राहते. कोपरे टोचतात का, ते मिटलेला चाकू घट्ट आवळून धरला की लगेच कळतं. जी कड दुकानात किंचित बोचते ती दोन किलो कांदे चिरल्यावर फोड आणते. संकेतस्थळांवर नामांकित चाकूंच्या हुबेहूब नकला विकल्या जातात, पोलादाचं नावही खोटं कोरलेलं असतं. मूळ किमतीच्या चौथाईत काही मिळत असेल तर ते तेच नसतं.

भाच्याच्या मित्रानं शेवटी दुहेरी दगड घेतला, आणि त्याबरोबर न गंजणारा आठ क्रमांक. एस-थर्टी-व्हीचे पैसे त्यानं बुटांना घातले. परवा आला तेव्हा पातं टोकापाशी थोडं गोलावलं होतं, बाकी धार सुरेख होती. खिळा मात्र कोरडा पडून कुरकुरत होता, कारण त्यानं घरचं खोबरेल घातलं होतं. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं, थंडीत गडावर पातं जड चालतं. शेंगदाण्याचं तेल काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरतं. औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन यासाठी चांगलं: ते आंबत नाही, गोठत नाही, आणि त्याच पात्यानं फळ कापलं तरी पोटाला अपाय नाही. खिळ्यावर एक थेंब टाकून पातं दहा-बारा वेळा उघडमीट करायचं, बाहेर आलेलं काळं तेल पुसून टाकायचं, आणि मुठीच्या खाचेत अडकलेली धूळ दातकोरण्यानं काढायची.